टॉकीजचा उतार

त्या थांब्याला पाटी नव्हती. पाटीचं काम कंडक्टरच करायचा. गाडी बाजाराच्या कोपऱ्यावर वळली की दाराच्या दांड्याला धरून तो ओरडायचा, आणि तो जे ओरडेल तेच त्या थांब्याचं नाव. फार पूर्वी ‘वखार’ ओरडायचे. मग ‘टॉकीज’ ओरडायला लागले. पुढे टॉकीज बंद पडली, पडदा गेला, पडद्याच्या जागी पारव्यांनी संसार थाटले, तरी हाक काही बदलली नाही. ‘टॉकीऽऽज! टॉकीजवाले उतरा, मागे कोणी राहू नका!’ सिनेमा बघायला कोणी उतरत नव्हतं, पण उतरत होते सगळे तिथेच.

इमारत मात्र मोठी खमकी. मालकाच्या आजोबांनी ती कापसाच्या गाठी ठेवायला बांधली होती. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, भरलेली गाडी आत वळवता येईल एवढा दरवाजा, आणि छप्पर इतकं उंच की खाली बोललेलं वर पोचेपर्यंत बोलणारा विसरून जावा. कापसाचे दिवस सरले तेव्हा मालकाच्या वडिलांनी तिथे टॉकीज काढली. मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून दारापासून पडद्यापर्यंत भराव घालून त्यांनी पक्की उतरती फरशी करून घेतली. प्रेक्षक शेंगांच्या टरफलांचा सडा घालून जायचे, म्हणून दर खेळानंतर फरशी धुवायची आणि पाणी पडद्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या मोरीतून बाहेर काढायचं, अशीही सोय केली. माणूस दूरदृष्टीचा होता. फक्त टॉकीज गेल्यावर त्या उताराचं काय करायचं, हे काही तो सांगून गेला नाही.

आणि त्या उतारानं पुढे भल्याभल्यांना लोळवलं.

आधी आला फर्निचरवाला. त्यानं इमारतीएवढी लांब पाटी लावली, तिकिटाची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आणि आत कपाटं मांडली. कपाटं उतारावर तिरकी उभी राहायची आणि दारं आपोआप उघडायची. मग त्याच्या सुतारानं डोकं चालवलं. बिजागऱ्या तिथेच, कपाट उभं होतं त्या जागी, उताराच्या मापानं बसवल्या. दुकानात दारं अशी चपखल लागायची की गिऱ्हाईक खूश. कपाट घरी गेलं, सपाट जमिनीवर उभं राहिलं, की दारांनी आ वासलाच! त्या वर्षी गावातल्या निम्म्या घरांत कपाटाच्या पायांखाली विटांचे तुकडे होते. फर्निचरवाल्यानं गाशा गुंडाळला. मग आला क्लासवाला. त्यानं परीक्षेचं केंद्र मिळवलं. उतारामुळे मागच्या मुलाला पुढच्या चार रांगांचे पेपर लख्ख दिसायचे. पहिल्या वर्षी केंद्राचा निकाल शंभर टक्के लागला, मुलांच्या गळ्यात हार पडले, आणि दुसऱ्या वर्षी तपासणीला माणसं आली. त्यानंतर क्लासवाला कोणाला दिसला नाही.

लोक म्हणायला लागले, जागाच वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आता इथे अंगण खरंच वाकडं होतं, हे कबूल. पण मग नाचणाऱ्यानं अंगण बघून नाच निवडायला नको?

तो नाच निवडला धाकटीनं.

धाकटी म्हणजे कंडक्टरकाकांची धाकटी सून. थोरली लांबच्या शहरात, वर्षातून एकदा पाहुणी येणारी. घरात सून एकच, तरी नाव धाकटी ते धाकटीच. लग्न होऊन आली आणि दवाखान्याच्या धुलाईखात्यात नोकरीला लागली. तिथली फरशी सपाट. साबणाचं पाणी दिवसभर तुंबलेलं, पायांना बारमाही चिखल्या, आणि वाळलेली चादर हातातून निसटली की पुन्हा पहिल्यापासून रामायण. अर्धा दिवस कपडे धुण्यात जायचा आणि अर्धा खराट्यानं पाणी ढकलण्यात. पुढे दवाखान्यानं ते खातंच बंद केलं आणि तिथल्या सगळ्या बायका घरी बसल्या. धाकटीही बसली, पण घरी बसणं तिच्या अंगात नव्हतं. तिनं घरातली इतकी भांडी घासली की सासरे म्हणाले, “पोरी, पातेल्याला भोक पडेल.”

त्याच सुमाराला मालकानं टॉकीजच्या उरलेल्या खुर्च्या विकायला काढल्या. धाकटी नवऱ्याबरोबर नुसती बघायला म्हणून गेली. धूळ खाली बसावी म्हणून मालकाच्या माणसानं दारातच बादलीभर पाणी ओतलं. पाणी खुर्च्यांच्या रांगांमधून खाली निघालं, कुठे थांबलं नाही, कोणाला विचारलं नाही, आणि सरळ पडद्याखालच्या मोरीत जाऊन गडप झालं. दाराशी फरशी सुकायलाही लागली.

“अहो,” ती नवऱ्याचा हात दाबत म्हणाली, “पाणी बघितलंत?”

“बघितलं की. माझ्या चपला भिजल्या.”

“ओलं खाली, कोरडं वर. धुणं तिकडे, इस्त्री इकडे. खराटा हातात धरायलाच नको!”

नवऱ्याला काही कळलं नाही, पण लग्नाला बरीच वर्षं झाली असल्यामुळे त्यानं मान डोलावली. तो टेम्पो चालवायचा, आणि बायकोच्या डोक्यात काही आलं की शेवटी ओझं टेम्पोतच पडतं हे त्याला ठाऊक होतं.

मालक हसतमुख, पण आतल्या गाठीचा माणूस. त्यानं धाकटीचं सगळं ऐकून घेतलं.

“वहिनी, खरं सांगतो,” तो म्हणाला, “घेणारा तयार आहे. इमारत पाडणार आणि गाड्या लावायला मैदान करणार. पण आमच्या आजोबांचं एक म्हणणं होतं. पाटी काय, कोणीही रंगवतं. गाडीतून कोणाचं नाव घेतात ते बघावं. आजोबांची वखार गाडीतून ओरडली गेली, ती टिकली. वडिलांची टॉकीज ओरडली गेली, ती टिकली. फर्निचरवाल्याचं नाव कोणी घेतलं? क्लासवाल्याचं?”

“मग?”

“मग वर्षभर चालवून बघा. वर्षानं मी स्वतः गाडीनं येईन. तुमच्या कामाचं नाव माझ्या कानांनी ऐकलं, तर इमारत तुमची, हवी तितकी वर्षं वापरा. टॉकीजच ऐकू आलं, तर समजेन गावाच्या लेखी ती अजून बंद टॉकीजच आहे. विकून मोकळा होईन.”

धाकटीनं तिथल्या तिथे हो म्हटलं. काम चोख झालं की नाव आपोआप होतं, असा तिचा साधा हिशोब. त्या हिशोबात एक गोष्ट तिनं धरलीच नव्हती. गावाची ती जीभ तिच्याच घरात ओसरीवर बसून चहा पीत होती.

कंडक्टरकाका निवृत्त झाले होते, पण त्या मार्गावरचा एकूण एक कंडक्टर त्यांच्या हाताखाली तयार झालेला. दांड्याला कसं धरायचं, भांडकुदळ माणसाला कसं बसवायचं आणि कोणत्या वळणावर काय ओरडायचं, हे सगळं काकांनी शिकवलेलं. काका हयात असेपर्यंत ‘टॉकीज’ बदलायची कोणाची छाती नव्हती. आणि काकांनी धाकटीचा बेत ऐकला तेव्हा हातातला कप खाली ठेवला.

“टॉकीजमध्ये धुणी?” एवढंच ते बोलले.

आडकाठी केली नाही, आरडाओरडा केला नाही. नुसते त्या दिवसापासून तिकडे फिरकले नाहीत. बाजारात जाताना लांबच्या गल्लीनं वळसा घालायचे. लाँड्रीच्या धुतल्या-इस्त्री केल्या सदऱ्यात रोज बसायचे आणि विचारायचे, “आज ‘तिकडे’ किती वेळ?” ‘लाँड्री’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. धाकटीला ते लागायचं. म्हातारा वाईट असता तर सोपं होतं. पण तिच्या आजारपणात उशाशी बसून राहिलेला हा माणूस, आणि तिच्या कष्टाचं नाव मात्र घेत नाही, हे तिला खरोखर लागायचं.

बाकी कामाचं म्हणाल, तर इमारतीनं तिला हात दिला. खालच्या अंगाला, पडद्याच्या जागी, तिनं यंत्रांसाठी सपाट ओटे बांधून घेतले आणि भिजवायचे हौद केले. मधल्या उंच पोकळीत दोऱ्या ताणल्या. गाठींची हवा खेळती राहावी म्हणून आजोबांनी ठेवलेले झरोके उघडल्यावर चादरी दुपारपर्यंत कडकडीत वाळू लागल्या. वर दाराशी इस्त्रीची टेबलं आणि घड्या रचायला उंच लाकडी घोडे. दवाखान्यातल्या तिच्या जुन्या सोबतिणी आल्या आणि आठवड्याभरानं एकमेकींना पाय दाखवू लागल्या, कारण चिखल्या गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या गाड्यावरचा इस्त्रीवालाही आत आला. तो मात्र आपली कोळशाची इस्त्री घेऊनच आला. विजेवर त्याचा विश्वास नव्हता, आणि बायकांच्या मते विजेचाही त्याच्यावर नसावा. तिकिटाच्या खिडकीवरच्या फळ्या काढून धाकटीनं कपडे घ्यायला-द्यायला तीच जागा केली, आणि खिडकीशेजारी खुर्च्यांची एक जुनी रांग गिऱ्हाइकांना बसायला ठेवली.

कपडे येऊ लागले. आधी शेजारपाजारच्या चादरी, मग खाणावळीचे टेबलक्लॉथ, मग शाळेच्या वसतिगृहाची गाठोडी, आणि शेवटी ज्यानं तिला घरी बसवलं त्या दवाखान्यानंच आपल्या चादरी पाठवल्या. धाकटीनं ते पहिलं गाठोडं स्वतः सोडलं आणि मनसोक्त हसली. समोरच्या थांब्यावर दर गाडीतून लोक बोचकी घेऊन उतरायचे. आणि खिडकीत बसलेल्या धाकटीच्या कानावर दर गाडीची हाक यायची.

“टॉकीऽऽज! टॉकीजवाले उतरा!”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” नवरा म्हणायचा. “बाबांना एक शब्द सांगतो. ते म्हणाले की उद्यापासून सगळे लाँड्री ओरडतील.”

“खबरदार! मालकाची अट त्यांच्या कानावर जाता कामा नये. मागून आणलेलं नाव म्हणजे उसनं पातेलं. कधी ना कधी परत द्यावं लागतं.”

म्हणायला ती ठसक्यात म्हणायची. पण वर्ष भरत आलं तशी गाडीचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून कान टवकारायला लागली. उद्या मालक येणार, आणि गेल्या गाडीतूनही ‘टॉकीज’च ऐकू आलं होतं. इमारत गेली तर यंत्रं उचलता येतील, बायकांना दुसरीकडे कामं बघता येतील. पण हा उतार कुठून आणायचा? ती हे मनात घोळवत असतानाच वरून धाडकन आवाज झाला.

पाण्याची मोठी टाकी तिनं वरच्या मशीनच्या खोलीत बसवली होती, जिथून पूर्वी सिनेमा दाखवायचे. तिचा नळ मुळापासून उखडला होता. भिंतीतल्या ज्या चौकोनी भोकांतून एके काळी नट-नट्या पडद्यावर जायच्या, त्या भोकांतून पाण्याचे लोट बाहेर पडले आणि इस्त्रीच्या टेबलांवरून धबाधबा खाली येऊ लागले. बायका किंचाळल्या. इस्त्रीवाला टेबलावर चढला, आणि वर उभा राहूनच एक हात लांब करून त्यानं अर्धी राहिलेली उशीच्या खोळीची इस्त्री पुरी केली. धाकटी पदर खोचून जिना चढली. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गंजलेला. तिनं दोन्ही हातांनी, मग दोन्ही हात आणि एक पाय लावून तो आवळला.

बाजारात बातमी पोचली ती अशी की टॉकीज बुडाली.

धाकटी चिंब होऊन खाली आली तेव्हा दारात कंडक्टरकाका उभे होते. एका पायात चप्पल, दुसरी वाटेत कुठे तरी. धापा टाकत त्यांनी आत पाहिलं. टॉकीज बंद झाल्यापासून त्यांनी या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

पाणी चाललं होतं. सगळ्या फरशीभर पसरून, टेबलांच्या, घोड्यांच्या, खुर्च्यांच्या पायांमधून, खळखळत, चमकत, एका चालीनं उताराला लागलं होतं आणि पडद्याच्या पायथ्याच्या मोरीत उतरत होतं. सपाट जागेत घोटाभर साचलं असतं. इथे चहाला आधण ठेवेपर्यंत शेवटचा ओघळ निघून गेला. भिजली ती फक्त टेबलांवरची थोडी कापडं. बाकी घड्या घातलेलं सगळं उंच घोड्यांवर कोरडं ठणठणीत. बायकांना आता हसू आवरेना.

“वर्षभराची फरशी एका दमात धुऊन निघाली!” एक जण म्हणाली.

काका एक पाऊल आत आले. त्यांनी मान वर केली. डोक्यावर दोऱ्यांवरून चादरीच चादरी लटकत होत्या, पांढऱ्याशुभ्र, झरोक्यांच्या वाऱ्यानं हलणाऱ्या. मग त्यांची नजर फिरत फिरत खिडकीवर आली आणि तिथेच राहिली.

“ही उघडलीस तू?”

“वर्ष होत आलं, बाबा. कपडे इथूनच घेतो.”

काका खुर्चीत बसले. धाकटीनं त्यांच्या हातात चहा दिला. बराच वेळ फुंकर घालून झाल्यावर ते बोलू लागले, खिडकीकडे बघतच.

“तुझी सासू इथे बसायची. तिकिटं द्यायला.”

“माहीत आहे की.”

“तुला निम्मं माहीत आहे. मी नवीन होतो. माझे वरचे सगळे ‘वखार’ ओरडायचे. वखार कधीच उठून गेली होती, पण त्यांची जीभ वळत नव्हती. एक दिवस वळणावर मला ही खिडकीत दिसली. कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती. मी दांड्याला धरून गळा फाडून ओरडलो, ‘टॉकीऽऽज!’ आणि तिनं मान वर केली.” काकांनी घोट घेतला. “वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडलो, आणि तिनं पुन्हा मान वर केली. मग रोजच. तिला सुट्टे हवे असायचे, माझ्या बॅगेत चिल्लर मायंदाळ. ती द्यायला गेलो, तर म्हणते कशी, ‘रांगेत या.’ मला! पुढे नवरा झालो तरी अखेरपर्यंत कधी रांग मोडू दिली नाही.”

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडातून ‘टॉकीज’ का सुटत नाही, हे तिला आत्ता कळलं, आणि वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला. जाऊ दे, तिला वाटलं. इमारत गेली तर गेली. हे नाव याच्याकडून काढून घ्यायचं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन धडकली. डोक्यावर भलं मोठं गाठोडं, घामानं निथळलेली, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“हीच का ती लाँड्री? सापडली एकदाची! शेजारच्या गावाहून आलेय, लॉजच्या चादरी घेऊन. कंडक्टरला सांगून ठेवलं नाही ही चूक झाली. डोळे मिटले होते जरा, पण कान उघडे ठेवले होते. लाँड्री म्हणतील तेव्हा उतरेन म्हटलं! तो मेला ‘टॉकीज, टॉकीज’ करत बसला. मी का सिनेमा बघायला आलेय? गेले की पार डेपोपर्यंत. तिथून हे ओझं घेऊन उन्हातून उलटी चालत आले. असा कसा हो कंडक्टर, की उतारूला पुढे घेऊन जातो?”

धाकटीनं पटकन गाठोडं उतरवून घेतलं, पाणी दिलं, बसायला सांगितलं. बाई बसली ती नेमकी काकांच्या शेजारी.

काकांच्या हातातला चहा निवला होता. “डेपोपर्यंत?” त्यांनी विचारलं.

“मग काय! आणि मी एकटी नव्हे. मागच्या वेळी माझा दीर असाच पुढे गेला होता.”

काका उठले. “माझ्या सबंध नोकरीत,” ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “एक उतारू पुढे गेला नव्हता.” आणि एकाच चपलेनं घरी निघून गेले. रात्री ताटावरून उठताना त्यांनी विचारलं, “माझा खाकी कोट कुठे असतो?” धाकटीला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या आठवणींनी घेरलंय.

सकाळी काका घरात नव्हते. डब्यातली पोळीही तशीच.

धाकटी खिडकीत बसली. समोर नेहमीची रांग. तिनं कपडे मोजले, पावत्या फाडल्या, कोणाची उशीची खोळ कोणाला दिली आणि परत घेतली. मालकाची गाडी दहाची. कोपऱ्यावर इंजिनाचा घरघराट ऐकू आला तेव्हा तिनं मान खाली घातली आणि समोरच्या टॉवेलची घडी घालू लागली. त्या टॉवेलची घडी आधीच घातलेली होती.

आणि हाक आली.

ती त्या गाडीवर हल्ली असणाऱ्या कंडक्टर मुलीची नव्हती. ती जुनी होती, भारदस्त, मध्ये थोडी फाटलेली, पण बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारी. असं ओरडणारा माणूस गावात एकच होता.

“लाँड्रीऽऽऽ! लाँड्रीवाले उतरा, मागे कोणी राहू नका!”

धाकटीनं मान वर केली.

गाडीच्या पायरीवर, दांड्याला धरून, खाकी कोटात कंडक्टरकाका उभे होते. कोट आता अंगावर लोंबत होता. ते सरळ खिडकीकडेच बघत होते. तिनं मान वर केलेली दिसली तसा त्यांनी हात उंच केला. तिनंही केला, टॉवेलसकट, आणि मग डोळ्यांना तोच टॉवेल लावला.

“लाँड्री! लाँड्री!” मागून कंडक्टर मुलगीही ओरडली आणि ड्रायव्हरनं उगाचच दोनदा हॉर्न वाजवला. अर्धी गाडी बोचकी घेऊन खाली उतरली. खाणावळवाला उतरला, वसतिगृहाचा रखवालदार उतरला, आणि सगळ्यांत शेवटी मालक आणि त्याच्याबरोबर इमारत घेणारा गृहस्थ उतरला.

“मला तर बंद टॉकीजची जागा आहे म्हणून सांगितलं होतं,” गृहस्थ कुरकुरला.

“मलाही तसंच वाटत होतं,” मालक हसला. गर्दीतून वाट काढत तो खिडकीपाशी आला. “वहिनी, ऐकलं मी. स्वतःच्या कानांनी. आणि ओरडलं कोण, तर माझ्या वडिलांची टॉकीज ज्यानं गावाच्या तोंडी बसवली त्यानंच! आता आजोबा स्वर्गातून उतरून आले तरी मला ही इमारत विकता येणार नाही. कागद घेऊन संध्याकाळी येतो.” आणि गृहस्थाचा हात धरून त्याला चहा पाजायला घेऊन गेला. आतल्या बायकांना बातमी पोचली तसा खालच्या अंगाला असा गलका उठला की वर्षभर टिकून राहिलेले दोन पारवेही झरोक्यातून उडाले. इस्त्रीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा भरलेली इस्त्री खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

धाकटीचं लक्ष रांगेकडे होतं. रांगेच्या शेवटी काका येऊन उभे राहिले होते.

“बाबा, तुम्ही आत या की!”

“रांग मोडायची नाही,” काका तिथूनच म्हणाले.

रांग पुढे सरकत राहिली. लोकांनी त्यांना पुढे जायला सांगून पाहिलं, त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांची पाळी आली तेव्हा धाकटीनं खालच्या आवाजात विचारलं, “मालक गाडीत आहेत हे तुम्हाला माहीत होतं?”

“कोण मालक?”

“मग लाँड्री का ओरडलात?”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू फुकट्या उतारूनं तिकीट कशाला म्हणून विचारलं असावं. “गाडी थांबली की जिथे थांबली त्याचं नाव घ्यायचं असतं. भलतंच नाव घेतलं तर माणूस भलतीकडे जातो. सकाळी डेपोत जाऊन सगळ्या पोरांना तेच सांगून आलो.” मग खिडकीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, “आणि या खिडकीत कोणी मान वर करणारं असलं म्हणजे झालं. तिचं काही म्हणणं नसणार.”

त्यांनी कोट अंगातून काढला, नीट घडी घातली आणि खिडकीतून आत सरकवला.

“धुऊन हवा. पावती दे,” ते म्हणाले. “सुट्टे आहेत माझ्याकडे.”